परीक्षानळीपासून कारखान्यापर्यंतची वाट : डॉ. एल. के. दोराईस्वामी

पुणे : गुऱ्हाळात काहिलीतला रस किती वेळ उकळायचा आणि नेमका केव्हा उतरवायचा, हे गुळव्या ठरवतो. क्षणभर आधी उतरवला तर गूळ धरत नाही, क्षणभर उशीर झाला तर करपतो. रासायनिक कारखान्यापुढचा प्रश्न याहून फारसा निराळा नसतो. हव्या त्या पदार्थापाशी अभिक्रिया थांबवायची असते. ती पुढे सरकली की हवा असलेला पदार्थच नको असलेल्या पदार्थात बदलू लागतो. फरक इतकाच की कारखान्यातली काहील पोलादी आणि बंद असते, आत डोकावता येत नाही आणि गुळव्याच्या नजरेची जागा गणिताने घ्यावी लागते. हे गणित भारतात रुजविणाऱ्यांमध्ये डॉ. लक्ष्मणगुडी कृष्णमूर्ती दोराईस्वामी यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. त्यांच्या कारकिर्दीची सलग पस्तीस वर्षे पुण्यातील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत गेली. तरीही मराठी वाचकाला त्यांचे नाव त्या मानाने अपरिचितच राहिले आहे.

दोराईस्वामी यांचा जन्म 13 मे 1927 रोजी बंगळुरूत झाला. हैदराबादच्या निजाम महाविद्यालयातून 1946 मध्ये विज्ञानाची पदवी घेतल्यावर त्यांनी मद्रास विद्यापीठाची रासायनिक अभियांत्रिकीची पदवी 1948 मध्ये मिळवली. उच्च शिक्षणासाठी ते अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात गेले. रासायनिक अभियांत्रिकीला पाककृतींच्या वहीतून बाहेर काढून शास्त्राच्या पायावर उभे करण्याचे काम ज्या मोजक्या विद्यापीठांत चालले होते, त्यांत विस्कॉन्सिन अग्रणी होते. ओलाफ हाउगेन आणि केनेथ वॉटसन यांनी तेथेच उत्प्रेरकावरील अभिक्रियांचा वेग मांडण्याची समीकरणे रूढ केली. त्यांचा ग्रंथ पुढे जगभरच्या विद्यार्थ्यांनी अभ्यासला. या वातावरणात दोराईस्वामींनी 1950 मध्ये पदव्युत्तर पदवी आणि 1952 मध्ये डॉक्टरेट संपादन केली. दोन वर्षांनी, 1954 मध्ये, ते पुण्याला आले.

पाषाण रस्त्यावरील ती प्रयोगशाळा तेव्हा अवघी चार वर्षांची होती. तिची कोनशिला 6 एप्रिल 1947 रोजी तत्कालीन मुंबई प्रांताचे पंतप्रधान बाळासाहेब खेर यांनी बसवली होती आणि 3 जानेवारी 1950 रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले होते. पहिले दोन संचालक, जेम्स मॅकबेन आणि जी. आय. फिंच, हे परदेशी भौतिक रसायनशास्त्रज्ञ. त्यांच्यानंतर आलेले के. वेंकटरामन आणि बाळ दत्तात्रेय टिळक हे सेंद्रिय रसायनशास्त्राचे, विशेषतः रंगद्रव्यांचे, जाणकार. प्रयोगशाळेचे वैभव साहजिकच रसायनशास्त्रज्ञांच्या हाती होते. अभियंत्याने कारखान्याची नळजोडणी पाहावी, असाच त्या काळचा सर्वसाधारण समज होता. दोराईस्वामींच्या पहिल्या वीस-पंचवीस वर्षांच्या कामाने हा समज बदलला.

त्यासाठी मुळात अडचण कोठे होती, हे समजून घेतले पाहिजे. प्रयोगशाळेतल्या काचेच्या चंबूत एखादी अभिक्रिया उत्तम चालते. तीच कारखान्याच्या टाकीत नेली की बिघडते. भांड्याचा व्यास दहापट केला तर आतील द्रव्य हजारपट होते, पण उष्णता बाहेर सोडणारा पृष्ठभाग केवळ शंभरपट वाढतो. म्हणजे चंबूत जी ऊब हाताला जेमतेम जाणवत होती, ती टाकीत साचत जाते आणि अभिक्रिया आणखी वेगाने पेटते. शिवाय मोठ्या टाकीत द्रव्ये सारखी मिसळत नाहीत. एका कोपऱ्यात एक, दुसऱ्या कोपऱ्यात दुसरे असे घडते. म्हणून प्रयोगशाळेतला शोध आणि बाजारातला माल यांच्यामध्ये एक दरी असते. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकांत भारतीय उद्योग ही दरी ओलांडण्याचा सोपा मार्ग पत्करीत : तयार प्रक्रिया परदेशी कंपनीकडून विकत घ्यायची, सोबत तिचे आराखडे, तिचा उत्प्रेरक आणि तिची हमी घ्यायची, आणि वर्षानुवर्षे स्वामित्वशुल्क भरीत राहायचे. देशी संशोधनावर विश्वास टाकण्यापूर्वी उद्योजक पहिला प्रश्न विचारीत तो हा, की ही पद्धत परदेशात कोठे चालू आहे काय. नव्या शोधासाठी या प्रश्नाइतका घातक प्रश्न दुसरा नसावा.

दोराईस्वामींनी दरीच्या तळाशी असलेल्या शास्त्राला हात घातला. बहुतेक औद्योगिक अभिक्रिया घन उत्प्रेरकावर घडतात. हा उत्प्रेरक म्हणजे सच्छिद्र गोळ्या. एका ग्रॅमच्या गोळीतील छिद्रांचा आतला पृष्ठभाग शेकडो चौरस मीटर भरू शकतो. वायूचे रेणू या भुलभुलैयात शिरतात, आतल्या भिंतीवर त्यांचे रूपांतर होते आणि तयार झालेला पदार्थ त्याच वाटेने बाहेर पडतो. अभिक्रिया फार वेगवान असेल तर रेणू आत खोलवर पोहोचण्यापूर्वीच संपतात. गोळीचा गाभा रिकामा बसून राहतो. अशा वेळी संशोधक जो वेग मोजतो तो रसायनाचा खरा वेग नसतो, आत शिरण्याच्या अडचणीचाही त्यात वाटा असतो.

आर. ए. राजाध्यक्ष यांच्यासह 1976 मध्ये लिहिलेल्या विस्तृत आढाव्यात दोराईस्वामींनी याच फसवणुकीचा छडा लावला. छिद्रांतील विसरणाचा अडथळा तीव्र असेल तर मोजलेली सक्रियण ऊर्जा खऱ्या मूल्याच्या जवळपास निम्मी दिसते. अभिक्रिया खरी द्वितीय कोटीची असेल तर ती दीड कोटीची भासते. प्रथम कोटीची मात्र आपले रूप बदलत नाही आणि म्हणून अधिकच चकवते. या खोट्या आकड्यांवर विसंबून कोणी मोठा रिॲक्टर आखला तर तो अपेक्षेप्रमाणे चालण्याची शक्यता थोडी. आकडा खरा की भासमान, हे ओळखण्याच्या कसोट्या दोघांनी एकत्र मांडल्या. बाहेरून पाहता हे काम कोरडे वाटेल. पण कोट्यवधी रुपयांच्या यंत्रसामग्रीचा निर्णय अखेर अशाच एका आकड्यावर उभा असतो.

वायू आणि घन यांच्यातील उत्प्रेरकविरहित अभिक्रिया हा त्यांच्या अभ्यासाचा दुसरा प्रांत. चुनखडीपासून चुना, जस्ताच्या खनिजाचे भाजणे, लोहखनिजापासून लोखंड अशी कितीतरी जुनी कामे याच प्रकारची. येथे घन पदार्थ स्वतःच खर्ची पडतो. बाहेरून राखेचा थर जाड होत जातो आणि आतला न बदललेला गाभा आकसत जातो. थर जाड होईल तसतसा वायूला आत जाणे अवघड होते, आणि कणाची रचनाही वाटेत बदलत असते. पी. ए. रामचंद्रन यांच्यासमवेत 1982 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात दोराईस्वामींनी या साऱ्या प्रारूपांची मांडणी केली.

हे सारे कागदावरच राहिले, असे नाही. रंगद्रव्य उद्योगाला लागणारे डायमिथिल ॲनिलिन पूर्वी सल्फ्युरिक आम्लाच्या साहाय्याने, मोठ्या दाबाखाली, एकेक घाणा करून बनवीत. आम्लामुळे यंत्रे गंजत आणि प्रत्येक घाण्याअखेर ते आम्ल निस्तरावे लागे. ॲनिलिन आणि मिथेनॉल यांची वाफ घन उत्प्रेरकावरून सतत वाहती ठेवून तोच पदार्थ तयार करण्याच्या पद्धतीवर पुण्यात काम झाले. या पद्धतीत उपपदार्थ म्हणून केवळ पाणी निघते. दोराईस्वामी, जी. आर. व्ही. कृष्णन आणि एस. पी. मुखर्जी यांनी तिचे वर्णन 1981 मध्ये अमेरिकेतील एका नामांकित अभियांत्रिकी नियतकालिकात प्रसिद्ध केले.

1978 मध्ये टिळक निवृत्त झाले आणि संचालकपद दोराईस्वामींकडे आले. या खुर्चीवर अभियंता बसण्याची ही पहिलीच वेळ. त्यांच्यानंतर 1989 मध्ये डॉ. रघुनाथ माशेलकर त्या पदावर आले. तेही रासायनिक अभियंतेच.

संचालक म्हणून त्यांची अकरा वर्षे ज्या कामासाठी विशेष स्मरणात राहावीत ते म्हणजे झिओलाइट उत्प्रेरकांचे. झिओलाइट हे सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांचे स्फटिक. त्यांतील छिद्रे इतकी आखीव असतात की एका आकाराचा रेणू सुखाने जातो आणि किंचित रुंद रेणू अडखळतो. पॉलिएस्टर कापडासाठी पॅरा-झायलिन लागते. निसर्गनियमाने झायलिनच्या मिश्रणात पॅरा प्रकार साधारण चोवीस टक्केच असतो. उरलेल्या ऑर्थो आणि मेटा प्रकारांचे रूपांतर करून पुन्हा पुन्हा पॅरा काढून घ्यावा लागतो. त्यासाठीचा उत्प्रेरक जगात मोजक्याच कंपन्यांपाशी होता. डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेतून पुण्यास आलेले डॉ. पॉल रत्नसामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एन्सिलाइट या नावाने देशी उत्प्रेरक घडवला. असोसिएटेड सिमेंट कंपनी आणि बडोद्याची इंडियन पेट्रोकेमिकल्स यांच्या सहकार्याने तो 1980च्या दशकाच्या मध्यास प्रत्यक्ष कारखान्यात चालू लागला. त्याच कुळातील दुसऱ्या उत्प्रेरकाने मद्यार्क आणि बेंझिन यांपासून इथिल बेंझिन बनवण्याची अल्बीन ही प्रक्रिया शक्य केली. ती विशाखापट्टणमच्या हिंदुस्थान पॉलिमर्समध्ये राबवली गेली. साखर कारखान्यांच्या मळीपासून मद्यार्क मुबलक मिळणाऱ्या देशाला तिचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

उत्प्रेरकाचे श्रेय रसायनशास्त्रज्ञांचे आहे आणि ते त्यांनाच दिले पाहिजे. परंतु काही ग्रॅमचे यश टनांच्या रिॲक्टरपर्यंत नेताना उत्प्रेरकाचा जाणकार, अभियंता आणि कारखानदार एकाच टेबलाशी बसावे लागतात. रिॲक्टरच्या गणिताला दोराईस्वामींच्या कारकिर्दीत जे स्थान मिळाले होते, त्याशिवाय हे टेबल मांडले गेले असते काय, याविषयी शंका घेण्यास जागा आहे.

याच काळात भोपाळ घडले. 2 आणि 3 डिसेंबर 1984च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातील ई-610 क्रमांकाच्या टाकीतून मिथिल आयसोसायनेट वायू बाहेर पडला आणि झोपेतल्या शहरावर पसरला. टाकीत हे द्रव्य चाळीस टनांहून अधिक होते. ते 39 अंश सेल्सियसला उकळते, म्हणून शून्याच्या आसपास थंड ठेवायचे असते. पण शीतयंत्रणा कित्येक महिने बंद होती. आत पाणी शिरले. पाण्याशी होणारी अभिक्रिया उष्णता सोडते, उष्णतेने अभिक्रियेचा वेग वाढतो, वेगाने आणखी उष्णता निघते. लोखंडाच्या अंशाने त्यात भर घातली. उष्णता निर्माण होण्याचा वेग ती बाहेर जाण्याच्या वेगापेक्षा अधिक झाला की काय होते, हा दोराईस्वामींच्या शास्त्रातील पहिल्या पानावरचा प्रश्न. भोपाळमध्ये त्याचे उत्तर माणसांच्या प्राणांनी लिहिले गेले.

दुर्घटनेच्या शास्त्रीय कारणांचा शोध वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे तत्कालीन महासंचालक डॉ. एस. वरदराजन यांच्या नेतृत्वाखाली घेण्यात आला. डिसेंबर 1985 मध्ये सादर झालेल्या अहवालाच्या कर्त्यांमध्ये दोराईस्वामी यांचे नाव आहे, माशेलकर यांचेही आहे. टाकीच्या तळाशी राहिलेल्या अवशेषांचे पृथक्करण करून, त्यांत कोणते पदार्थ किती प्रमाणात आहेत यावरून, त्या रात्री आत काय घडले असावे याची साखळी उलट्या क्रमाने जुळवण्यात आली. सुमारे पाचशे किलो पाणी पुरेसे ठरले असावे, असा अंदाज निघाला. त्याहून महत्त्वाचा निष्कर्ष साठ्याविषयी होता : इतके घातक द्रव्य इतक्या मोठ्या टाक्यांत, इतका दीर्घ काळ, गरज नसताना साठवून ठेवले गेले, याकडे अहवालाने बोट दाखवले.

येथे एक तुलना सहज मनात येते. स्फोटके हाताळणाऱ्या कारखान्यांत, मग ती त्याच मध्य प्रदेशातील जबलपूरजवळची, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उभी राहिलेली खमरियाची आयुध निर्माणी असो वा पुण्याजवळची खडकीची, साठा थोडा आणि विखुरलेला ठेवायचा, एका इमारतीची आग दुसरीपर्यंत पोहोचू द्यायची नाही, ही जुनी शिस्त आहे. दारूगोळ्याविषयी जी सावधगिरी सर्वांना स्वाभाविक वाटते, ती कीटकनाशकाच्या कच्च्या मालाविषयी कोणाला वाटली नाही. रासायनिक प्रक्रियेचे इष्टतमीकरण म्हणजे केवळ उत्पादन वाढवणे आणि खर्च घटवणे नव्हे, साठा किती असावा हाही त्याच गणिताचा भाग आहे, हे भोपाळनंतर जगभरच्या अभियंत्यांना नव्याने शिकावे लागले.

भोपाळच्याच वर्षी दोराईस्वामींचा सर्वांत ख्यातनाम ग्रंथ प्रसिद्ध झाला. विषमांगी अभिक्रियांवरील या द्विखंडी ग्रंथाचे सहलेखक होते मुंबईच्या माटुंग्यातील रसायन तंत्रज्ञान विभागाचे प्रा. मनमोहन शर्मा, जे पुढे रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळवणारे पहिले भारतीय रासायनिक अभियंते ठरले. शर्मा केंब्रिजमध्ये पीटर डँकवर्ट्स यांच्या हाताखाली तयार झालेले. वायू आणि द्रव यांच्यातील अभिक्रियांवर त्यांची हुकमत. पहिला खंड घन पदार्थांच्या अभिक्रियांचा, दुसरा द्रवांचा. पुणे आणि माटुंगा या दोन घराण्यांची ती जुगलबंदीच म्हणावी लागेल. या विषयाचा इतका व्यापक ग्रंथ भारतात काम करणाऱ्या दोघांनी लिहावा आणि न्यूयॉर्कच्या प्रकाशकाने तो छापून जगभर पाठ्यग्रंथ म्हणून पोहोचवावा, ही त्या काळी अपूर्व गोष्ट होती. ग्रंथाची विशेषता त्याच्या उदाहरणांत आहे. समीकरण मांडून लेखक थांबत नाहीत. ते कोणत्या उद्योगात, कोणत्या पदार्थासाठी वापरायचे, हे दाखवून मगच पुढे जातात.

1987 मध्ये त्यांनी आपले विद्यार्थी भास्कर दत्तात्रेय कुलकर्णी यांच्यासह आणखी एक ग्रंथ लिहिला. रिॲक्टरमधील हालचाल सदैव नेमस्त नसते, तीत यदृच्छेचा अंश असतो, तो गणितात कसा आणायचा, हा त्याचा विषय. कुलकर्णी यांनी पुण्यातच राहून ही परंपरा पुढे चालवली आणि शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळवला. विद्यापीठाच्या विभागात खुर्ची नसतानाही दोराईस्वामी खऱ्या अर्थाने प्राध्यापक होते ते अशा शिष्यांमुळे. प्रयोगशाळेत प्रबंध लिहून बाहेर पडलेले त्यांचे विद्यार्थी उद्योगांत, संशोधनसंस्थांत आणि परदेशी विद्यापीठांत विखुरले.

1989 मध्ये, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, ते संचालकपदावरून निवृत्त झाले. पुढच्याच वर्षी त्यांना पद्मभूषण किताब मिळाला. अमेरिकेतील रासायनिक अभियंत्यांच्या संस्थेने त्यांना याच वर्षी अभिक्रिया अभियांत्रिकीसाठीचा विल्हेल्म पुरस्कार दिला. भारतात या वयाचा शास्त्रज्ञ बहुधा समित्यांच्या बैठकांत रमतो. दोराईस्वामी अमेरिकेतील ऐम्स येथील आयोवा राज्य विद्यापीठात प्राध्यापक म्हणून रुजू झाले आणि त्यांनी चक्क नवा विषय हाती घेतला. सरकारी संस्थेतील निवृत्तीच्या नियमांनी देशाने असे किती कर्ते हात गमावले, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही; मांडायला हवा.

नवा विषय होता औषधे, सुगंधी द्रव्ये यांसारख्या सूक्ष्म रसायनांच्या निर्मितीचा. खतांचे वा पेट्रोरसायनांचे कारखाने अभियंत्यांनी केव्हाच गणिताच्या चौकटीत आणले होते. औषधांच्या कारखान्यात मात्र अजूनही सेंद्रिय रसायनशास्त्रज्ञाची पाककृती चालत असे. एक क्षार पाण्यात विरघळतो, दुसरा पदार्थ तेलासारख्या द्रावकात. दोघांची गाठ पडत नाही. अशा वेळी थोडासा चतुर्थक अमोनियम क्षार नावाड्यासारखे काम करतो : पाण्यातला आयन उचलून तेलाच्या काठाला सोडतो, तेथून दुसरा घेऊन परततो. या कलांतरण उत्प्रेरणाच्या अभियांत्रिकीवर संजीव नाईक यांच्यासह 1998 मध्ये त्यांनी लिहिलेला आढावा गाजला. पुढच्या वर्षी ध्वनिलहरींच्या साहाय्याने अभिक्रिया वेगवान करण्याच्या तंत्रावर असाच आढावा आला. या साऱ्या चिंतनातून 2001 मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या प्रकाशनगृहाने त्यांचा सेंद्रिय संश्लेषणाच्या अभियांत्रिकीवरील भरघोस ग्रंथ प्रसिद्ध केला. तेव्हा ते चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. आयोवा विद्यापीठाने त्यांना ॲन्सन मार्स्टन सन्माननीय प्राध्यापक ही आपली प्रतिष्ठेची उपाधी दिली आणि 2010 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमीने सदस्य म्हणून निवडले.

त्यांच्या कामातले काही भाग काळाबरोबर मागे पडले, हे खरे. संगणकाची शक्ती इतकी वाढली की ज्या समीकरणांची अंदाजी उत्तरे काढण्यात त्यांच्या पिढीने महिने घालवले, ती आता काही मिनिटांत सुटतात. मात्र संगणकाला पुरवलेला अभिक्रियेचा वेग खरा की छिद्रांनी भासवलेला, हा प्रश्न यंत्र आपणहून विचारत नाही. 1976 सालच्या त्या कसोट्यांची गरज म्हणूनच अजून संपलेली नाही. भारतीय औषध उद्योग आज घाण्याघाण्याने चालणाऱ्या टाक्यांकडून सतत वाहत्या रिॲक्टरकडे वळू पाहतो आहे. आयोवात त्यांनी हाती घेतलेल्या प्रश्नांशी त्याची गाठ पुन्हा पडते आहे.

2 जून 2012 रोजी, वयाच्या पंचाऐंशीव्या वर्षी, दोराईस्वामी यांचे अमेरिकेत निधन झाले. अखेरच्या काळात ते तुर्कस्तानातील प्रा. डेनिझ उनेर यांच्यासह अभिक्रिया अभियांत्रिकीच्या प्रगत विद्यार्थ्यांसाठी एक पाठ्यपुस्तक लिहीत होते. ते 2013 मध्ये प्रसिद्ध झाले.